आठवीची पीटी, इंग्रजीतून

१ जुलै, मंगळवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असावी. ही वही कुणाला दाखवायची नाही. निदान आत्ता तरी.

घडलं असं. मधल्या सुट्टीत बेबीनंदा मॅडमनी ऑफिसात बोलावलं. मॅडम आमच्या मुख्याध्यापिका, इंग्रजीही त्याच शिकवतात. गणिताचे गाडेकर सर तिथं आधीच बसलेले. त्यांचं म्हणणं, आठवीची पोरं सेमी-इंग्लिशला कच्ची आहेत, तेव्हा पीटीचे आठवड्याचे दोन्ही तास गणिताला द्यावेत. मी म्हणालो, निरोगी शरीरातच… पुढचं वाक्य आठवेना. तोवर मॅडम म्हणाल्या, "उबाळे सर, तुमच्या तासाला पोरं काय शिकून राह्यलीत ते एकदा दाखवा. बारा ऑगस्टला विस्तार अधिकारी येणार हायेत. त्यांच्यासमोर तास घ्या, मंग ठरवू."

गाडेकर तोंड न उघडता हसले.

तिथल्या तिथं घोषणा केली: आठवीची पीटी मी इंग्रजीतून घेणार. खेळता खेळता इंग्रजी. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडे बघितलं. इम्प्रेस झाल्या.

२ जुलै, बुधवार

परिस्थितीचा अभ्यास केला. आठवीत ४१ पोरं. त्यातली नऊ यंदाच उर्दू शाळेतून सातवी पास होऊन आली आहेत. घरी उर्दू, वर्गात मराठी, पुस्तकात इंग्रजी. त्यांची पुढारी अंबरीन नावाची मुलगी. बारीक अंगाची, गप्प. पूर्ण तासभर टक लावून माझ्याकडे बघते. आदर असावा.

परदेशातल्या एका पीटी सरांचा व्हिडिओ बघितला. तो आधी पोरांचा सर्व्हे घेतो, मग टॅबलेट घेऊन मैदानात उतरतो. व्हिडिओ अठरा मिनिटांचा आहे. चार मिनिटं बघितला. पद्धत लक्षात आली.

संकल्प: रोज डिक्शनरीतले दहा शब्द पाठ. घरात फक्त इंग्रजी. सर्व्हे. टेक्नॉलॉजी.

४ जुलै, शुक्रवार

घरात इंग्रजी सुरू. जेवताना दैवशालाला म्हणालो, वॉटर. ती म्हणाली, काय? पुन्हा म्हणालो, वॉटर. ती म्हणाली, घसा बसला का? तिसऱ्यांदा म्हणालो. चौथ्यांदा उठून स्वतः घेतलं. बायकोचं मन वळवायला वेळ लागतो.

डिक्शनरी: पहिला शब्द Abandon. स्पेलिंग पाठ झालं. अर्थ उद्या.

७ जुलै, सोमवार

सर्व्हेचा फॉर्म प्रियानं मोबाईलवर बनवून दिला. अकरावीला आहे, तिला जमतं. ती म्हणाली, पप्पा, प्रश्न मराठीत टाका, उर्दूतही टाकू, पोरांना कळले पाहिजेत. तिला समजावलं की इंग्रजी शिकणाऱ्या पोरांचा सर्व्हे इंग्रजीतच पाहिजे. प्रश्न पाच. प्रत्येकाखाली उत्तरं: Strongly Agree, Agree, Disagree, Strongly Disagree. शेवटचा प्रश्न लिहून उत्तर द्यायचा: What is your problem in PT?

प्रिया म्हणाली, हा प्रश्न भांडायला आल्यासारखा वाटतो. मी म्हणालो, थेट विचारलेलं बरं.

९ जुलै, बुधवार

सर्व्हे घेतला. शाळेत टॅबलेट सहा. त्यातले चार्ज होतात दोन. तिसरा माझा मोबाईल. पोरांना मैदानात रांगेत उभं केलं. पहिल्या तासाला अकराच पोरं झाली, म्हणून गाडेकरांचा तास मागून घेतला. त्यांनी दिला, पण वहीत लिहून ठेवला.

अंबरीननं शेवटच्या प्रश्नाला बोटानं भराभर टाइप केलं. तीन ओळी, उर्दूत! एवढा उत्साह बाकी कुणात नव्हता.

१० जुलै, गुरुवार

निकाल! ४१ पोरांची ६८ उत्तरं आली. सबमिट दाबलं की स्क्रीन बदलते, त्यात पोरांना मजा आली म्हणे. म्हणजे प्रतिसाद शंभर टक्क्यांच्या वर गेला. गाडेकरांना टक्केवारी काढायला सांगितली, त्यांनी नकार दिला.

'मला सरांच्या सूचना समजतात' ह्या प्रश्नाला साठ जणांनी 'स्ट्राँगली' निवडलं. मन भरून आलं. प्रिया म्हणाली, पप्पा, त्यातले पंचेचाळीस स्ट्राँगली डिसॅग्री आहेत. मी म्हणालो, स्ट्राँग हा शब्द पीटीशी जोडलेला आहे, पोरांनी तो ओळखून निवडला. पुढचं वाचायला त्यांना वेळ मिळाला नसणार.

शेवटच्या प्रश्नाला, म्हणजे प्रॉब्लेम काय आहे ह्याला, सतरा जणांनी एकच शब्द लिहिलाय: Sir. आदरानं हाक मारून सुरुवात केली आणि पुढं रेंज गेली. आपल्याकडं रेंजचं असंच.

अंबरीनच्या तीन ओळी वाचता येत नाहीत. स्क्रीनशॉट काढून ठेवला. कौतुक आहे एवढं दिसतंच.

१५ जुलै, मंगळवार

मोठा चार्ट लिहून मैदानाच्या भिंतीवर लावला. वीस शब्द: Stop, Line, Left, Right, Sit, Back, Slowly वगैरे. आणखी पाच माझ्या डिक्शनरीच्या अभ्यासातून: Abandon, Abate, Abbot, Abdomen, Abduct. अ पासून पद्धतशीर जायचं ठरवलंय.

तासाला टॅबलेट सुरू होईना. चाळीस मिनिटं त्यातच गेली. पोरं आपापली खेळत होती. अंबरीन चार्टपुढं उभी राहून वहीत काही उतरवून घेत होती, नंतर पोरांपुढं हातवारे करत होती. खेळू दिलं. मुलांना मोकळीक पाहिजे.

१८ जुलै, शुक्रवार

क्रांती! मोबाईलमध्ये एक ॲप टाकलं. आपण मराठीत बोलायचं, ते इंग्रजीत बोलून दाखवतं. शाळेच्या गॅदरिंगचा ब्ल्यूटूथ स्पीकर त्याला जोडला. म्हणजे आता मला इंग्रजी शिकायची गरज उरली नाही. डिक्शनरी प्रियाला परत दिली. तिनं विचारलं, कुठपर्यंत आलं? मी म्हणालो, पोटापर्यंत. Abdomen म्हणजे पोट. हे मात्र पक्कं झालंय.

२२ जुलै, मंगळवार

ॲपचा पहिला प्रयोग.

मी म्हणालो, सावधान! स्पीकर ओरडला, "बिवेअर!" पोरं तशीच उभी राहिली, पण वरच्या खिडकीतून गाडेकर डोकावले आणि म्हणाले, साप निघाला का? म्हणजे गाडेकरांना इंग्रजी येतं. नोंद केली.

मग म्हणालो, दहिने मुड! स्पीकर म्हणाला, "कर्ड मूड!" आणि काय सांगू, अख्खा वर्ग खटकन उजवीकडं वळला. पहिल्यांदा अंबरीन वळली, तिच्यामागं बाकीचे. प्रिया घरी म्हणाली, कर्ड म्हणजे दही, पोरांनी तुमचा हात बघितला असेल, तुम्ही बोलताना हात हलवता. मी हलवत नाही. दैवशाला स्वयंपाकघरातून म्हणाली, आत्ता पण हलवून राह्यले.

२८ जुलै, सोमवार

स्पीकर हापशाच्या डबक्यात पडला. माझा धक्का लागला असं पोरांचं म्हणणं आहे. तासानंतर वाटूर फाट्यावर इस्माईलभाईंच्या दुकानात घेऊन गेल्तो. पंखे, मिक्सर, मोबाईल सगळं दुरुस्त करतात. अंबरीनचे अब्बा तेच आहेत, हे तिथं गेल्यावर कळलं.

उर्दू वाचणारा माणूस समोर आहे म्हणून स्क्रीनशॉट काढला आणि म्हणालो, जरा वाचून दाखवा, तुमच्या मुलीनं काय कौतुक केलंय. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग माझ्याकडं बघितलं, मग परत वाचलं. म्हणाले, "सर, बुरा मत मानो. बच्ची लिख रई कि सर अंग्रेजी बोलते तो समझता नई. मराठी बोलते तो आधा समझता. चिल्लाए तो वो आधा बी जाता. पन बोलते बोलते सर का हात हिलता, उससे सब समझ जाता."

मुद्दा लक्षात आला. आवाज पोहोचत नाही. व्हॉल्यूम वाढवायला पाहिजे.

इस्माईलभाई स्पीकर खोलता खोलता म्हणाले, "उसका दिल इदरच लगता सर. पन भाषा नई जमी तो दिवाली के बाद नवीन जालना भेजना पडेगा, नानी के पास. उदर उर्दू हायस्कूल है. उसकू जाना नई है, रोती है घर में."

मी म्हणालो, बिलकुल काळजी करू नका, मी आहे ना. इस्माईलभाईंनी एकदा माझ्याकडं आणि एकदा स्पीकरमधून निघणाऱ्या पाण्याकडं बघितलं.

येताना गाडी हळू चालवली. कारण माहीत नाही. रस्ता तर चांगला होता.

१ ऑगस्ट, शुक्रवार

स्पीकर दुरुस्त होऊन आला. आवाज पहिल्यापेक्षा जोरदार. इस्माईलभाईंनी पैसे घ्यायला नकार दिला, म्हणाले, बच्ची की तरफ ध्यान दो, बस.

ध्यान दिलं. तासाला अंबरीनला पुढं बोलावून विचारलं, Any problem? ती म्हणाली, नो सर. म्हणजे प्रॉब्लेम सुटला. किती साधी गोष्ट होती.

मधल्या सुट्टीत ती मॅडमच्या टेबलापाशी वही घेऊन उभी दिसली. रोज असते म्हणे. इंग्रजीचा होमवर्क राहत असेल. बोलायला पाहिजे तिला.

५ ऑगस्ट, मंगळवार

रंगीत तालीम. ॲप अपडेट व्हायला लागलं, ते तास संपेपर्यंत अपडेटच होत होतं. पोरं तोवर अंबरीनसोबत काहीतरी खेळत होती. ती हात वर करून एक शब्द म्हणते, सगळे थांबतात. हात खाली, सगळे बसतात. चुकला तो बाहेर. उर्दू शाळेची आणि आपली पोरं आता एकाच रांगेत मिसळून उभी राहतात. आधी नऊ जणं कडेला वेगळी असायची. माझ्या सर्व्हेचा परिणाम.

शिपाई कारभारीमामा म्हणाले, "सर, पोरगी लय भारी घेऊन राह्यली तास." त्यांना समजावलं की हा तास नाही, तास अपडेट होतोय.

११ ऑगस्ट, सोमवार

उद्या. सगळी तयारी झाली. पांढरा ट्रॅकसूट इस्त्री केला. पँट पोटावर बसत नाही, म्हणून शर्ट बाहेर सोडायचं ठरवलं. साहेबांपुढं करायचं भाषण पाठ केलं: रिस्पेक्टेड सर, टेक्नॉलॉजी इज माय लेफ्ट हँड. प्रिया म्हणाली, राइट हँड म्हणतात. मी म्हणालो, उजव्या हातात शिट्टी असते.

गाडेकरांनी पुढच्या आठवड्याचं नवं वेळापत्रक छापून आणलंय. त्यात पीटी नाही. मी ते बघून मंद हसलो. तोंड न उघडता.

१२ ऑगस्ट, मंगळवार

क्रमानं लिहितो.

साडेअकराला विस्तार अधिकारी साहेब मैदानात आले. खुर्ची, चहा. शेजारी मॅडम. गाडेकर मोबाईलवर शूटिंग करायला उभे. त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं.

सर्व्हेचे आकडे सांगितले. साहेबांनी विचारलं, एक्केचाळीस पोरांची अडुसष्ट उत्तरं कशी? मी म्हणालो, उत्साह. मग ॲप लावलं. सावधान! "बिवेअर!" आवाज इतका मोठा की साहेबांचा चहा पँटवर सांडला. मग दहिने मुड. "कर्ड मूड!" पोरं बराबर वळली. साहेब म्हणाले, कर्ड? मी म्हणालो, ॲडव्हान्स कमांड आहे साहेब.

इथपर्यंत सगळं व्यवस्थित होतं.

आता कारभारीमामा रोज डबा खाताना त्या स्पीकरवर भजनं ऐकतात, त्यामुळं त्यांचा मोबाईल स्पीकरला आधीपासून जोडलेला आहे, ही गोष्ट मला आजपर्यंत एकाही माणसानं सांगितली नव्हती. त्यांना फोन आला. त्यांनी तो गेटपाशी उभ्या उभ्या खिशातून काढून उचलला. आणि माझ्या स्पीकरमधून, फुल व्हॉल्यूममध्ये, त्यांच्या पत्नी सोनूबाई ओरडल्या, "अहो, म्हैस सुटली! दावं तोडून शाळेकडंच आली! धरा तिला, रोडवर जाईन ती!"

महिनाभरात स्पीकरमधून आलेली ही पहिली सूचना, जी आख्ख्या वर्गाला समजली. ज्यांना मराठी कमी कळतं त्यांना शेजारच्यांनी पळता पळता सांगितली. चाळीस पोरं गेटकडं सुटली.

गेटच्या पलीकडं परतूरचा रस्ता. ट्रक, ट्रॅक्टर. म्हैस रस्त्याच्या कडेला उभी, दावं लोंबतंय. पोरं तिच्याकडं.

मी इंग्रजीतून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. गाडेकरांच्या शूटिंगमध्ये आहे, ते म्हणाले की मी "अबॅन्डन! अबॅन्डन!" म्हणत होतो. मग मराठीतून ओरडलो. कुणी थांबलं नाही. पळायला गेलो तर पँटची नाडी सुटली. समोरून एक टँकर येताना दिसला.

तेव्हा अंबरीन हापशाच्या ओट्यावर चढली. दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "स्टॉप!"

फार मोठ्यानं नाही. पण सगळी थांबली. गेटच्या आत, जागच्या जागी, एक पाय उचललेला तो उचललेलाच. "बॅक." सगळी दोन पावलं मागं. "लाइन. सिट." एक्केचाळिसावी ती स्वतः, बाकीची चाळीस पोरं मातीत रांगेत बसली. टँकर हॉर्न वाजवत निघून गेला. मग तिनं घरी म्हशी असलेली तीन पोरं बोटानं निवडली, "यू, यू, यू. लेफ्ट. स्लोली." तिघं भिंतीच्या कडेनं डावीकडून गेली, म्हैस बिचकली आणि गेटमधून थेट आत आली. कारभारीमामांनी दावं धरलं.

स्पीकर अजून विचारत होता, "अहो, घावली का?"

साहेबांनी अंबरीनला जवळ बोलावलं आणि इंग्रजीत विचारलं, हे कुणी शिकवलं? ती वही छातीशी धरून म्हणाली, "सर हॅन्ड, आय सी. वर्ड, चार्ट. मीनिंग, मॅडम टेल. आय टीच फ्रेंड्स." आणि मग हळू आवाजात, "मोबाईल, नो."

तिच्या उत्तरात 'सर' हा शब्द सगळ्यात आधी आला, ही गोष्ट इथं नमूद करतो.

१३ ऑगस्ट, बुधवार

निर्णय: पीटीचे तास राहिले. दोन्ही! गाडेकरांनी वेळापत्रक फाडलं. मी जिंकलो.

मॅडमनी ऑफिसात वही दाखवली. अंबरीनची. प्रत्येक पानावर एक इंग्रजी शब्द, त्याखाली उर्दूत आणि मराठीत अर्थ, आणि शेजारी हाताचं चित्र. हात जाडजूड आहे, मनगटावर घड्याळ आहे, करंगळीत पोवळ्याची अंगठी. माझा हात. मी बोलताना तो कुठं जातो हे तिनं पहिल्या दिवसापासून टिपून ठेवलंय. Abandon च्या पानावर चित्र नाही, फक्त प्रश्नचिन्ह.

मॅडम म्हणाल्या, "सर, इंग्रजी अंबरीन सांगेल. तुम्ही मराठीत बोला, हळू बोला, आणि हात हलवा. मोबाईल टेबलावर ठेवून जात जा."

दुपारी इस्माईलभाई येऊन गेले. मॅडमना म्हणाले, दिवाळीनंतर कुठं पाठवत नाही, पोरगी इथंच राहील. माझ्याशी दोन्ही हातांनी हात मिळवला, "शुक्रिया सर. आपका हात अच्छा चलता."

घरी येऊन दैवशालाला सांगितलं. तिनं न मागता पाणी आणून दिलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मॅडमनी स्वतः सर्व्हे घेतला. कागदावर, मराठीत आणि उर्दूत. नाव लिहायचं नाही, चिठ्ठी पेटीत टाकायची. एकच प्रश्न: पीटीच्या तासाला तुम्ही कुणाकडून शिकलात?

निकाल नोटीस बोर्डावर लागला. अंबरीन ३९. कारभारीमामांची म्हैस २. उबाळे सर १.

एकूण बेचाळीस. गाडेकरांच्या लक्षात आलं की वर्गात पोरं एक्केचाळीस आहेत. मी म्हणालो, उत्साह. त्यांनी ती एक चिठ्ठी मागवली, अक्षर बघितलं आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. पण कुणाला काही बोलले नाहीत. वाटतो तेवढा वाईट माणूस नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज ठरवून रांगेत उभा राहिलो. पोरांसोबत, शेवटी. शिक्षकानं विद्यार्थ्याच्या जागी उभं राहून बघितलं पाहिजे, शिवाय उभ्या उभ्या दुसरं काही काम नव्हतं. अंबरीन ओट्यावर. नियम सोपा: ती शब्द म्हणणार, तसं करायचं, चुकला तो बाहेर. आज ती हात हलवणार नव्हती. आज नुसते शब्द.

पोरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ती म्हणाली, "राइट."

चाळीस पोरं एका बाजूला वळली. मी वळलो आणि शेजारच्या पोराच्या नाकासमोर माझं नाक आलं. ते पोरगं हसू दाबून लाल झालं. अंबरीनला फार वाईट वाटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मग अतिशय अदबीनं म्हणाली, "सर… आऊट."

ह्या शब्दाचा अर्थ मला लगेच कळला. जाऊन कडुनिंबाखाली बसलो.